लेथवर करून घेतलेला गाडीचा पार्ट : किंमत कशी ठरते, पैसे कुठे वाचतात आणि कुठे वाचवू नयेत

जळगाव/धुळे : जुनी जीप, टॅव्हेरा, सुमो किंवा पिकअप एखाद्या छोट्याशा पिनमुळे उभी राहते. शोरूमवाला सांगतो, "हा पार्ट आता येत नाही." स्पेअरच्या दुकानात तोच जबाब मिळतो. मग तुटलेला तुकडा पिशवीत घालून मालक लेथवाल्याकडे जातो. तिथे भाव ऐकला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "भाऊ, लोखंड तर तीस-चाळीस रुपयांचं, मग एवढे पैसे कसले?"

प्रश्न चुकीचा नाही, पण तो लोखंडापाशीच थांबतो. एकच नग करून घेतला की त्याची किंमत धातूच्या वजनावर फार थोडी ठरते. ती ठरते मशीन लावायला गेलेल्या वेळेवर, मापाच्या काटेकोरपणावर आणि नगांच्या संख्येवर. हा हिशोब समजला तर घासाघीस न करताही पैसे वाचतात. कोणत्या पार्टसाठी लेथकडे जायचंच नाही, हेही त्यावरून कळतं. भाड्याच्या गाडीचा मालक दोन्ही बाजूंनी अडकलेला असतो. गाडी उभी राहिली तर रोजचं भाडं बुडतं आणि बँकेचा हप्ता थांबत नाही. घाईत चुकीचा पार्ट बसवला तर गाडीतल्या माणसांचा जीव पणाला लागतो.

पार्ट मिळेनासे का होतात

एमएच-१९ आणि एमएच-१८ नंबरच्या जुन्या गाड्या खान्देशात आजही गावोगाव धावताना दिसतात. पण त्या बनवणं कंपन्यांनी केव्हाच थांबवलं आहे. मारुती ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये आणि ॲम्बॅसडरचं मे २०१४ मध्ये बंद झालं. शेवरोले गाड्यांची भारतातली विक्री २०१७ अखेर थांबली. टाटा सुमो २०१९ मध्ये बंद झाली. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन गुंडाळत असल्याचं जाहीर केलं.

गाडी बंद झाली म्हणून सगळे पार्ट एका दिवसात संपत नाहीत. फिल्टर, ब्रेक लायनिंग, बेअरिंग, ऑइल सील असे नेहमी झिजणारे पार्ट दुसऱ्या कंपन्या बनवतच राहतात. अडचण होते ती क्वचित लागणाऱ्या वस्तूंची : ब्रॅकेटची पिन, पेडलचा बुश, स्पेसर, लिव्हरचा शाफ्ट, पुली, जुन्या मापाचा नट.

खासगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांची असते. पुढे तपासणी करून ती ५-५ वर्षांनी वाढवून घेता येते. त्यामुळे वीस वर्षांची गाडीही कायद्याने रस्त्यावर राहू शकते, फक्त तिचे पार्ट शोधणं मालकाच्या नशिबी येतं.

लेथच्या आधी तीन दारं

एकच नग बनवून घेणं हा बहुतेक वेळा सर्वांत महाग मार्ग असतो. म्हणून आधी तीन ठिकाणी चौकशी करावी.

पहिलं, कंपनीचा पार्ट नंबर शोधावा. तोच पार्ट त्याच कंपनीच्या दुसऱ्या, अजून चालू असलेल्या गाडीत वापरलेला असू शकतो. दुसरं, तो पार्ट प्रमाणित मापाचा आहे का ते पाहावं. बेअरिंगवर ६२०५ असा आकडा असेल तर आतला व्यास २५ मिमी, बाहेरचा ५२ मिमी आणि रुंदी १५ मिमी. हे बेअरिंग गाडीच्या नावावर नाही, आकड्यावर मिळतं. ऑइल सील, सर्क्लिप आणि नटबोल्टचंही तसंच आहे. तिसरं, जुन्या पार्टच्या बाजारात पाहावं. मात्र तिथला पार्टही झिजलेला असू शकतो, म्हणून तो मापूनच घ्यावा.

तिन्ही ठिकाणी नकार मिळाला तर लेथ.

बिलात कशाकशाचे पैसे असतात

लेथवाला तोंडी एकच आकडा सांगतो, पण त्याच्या पोटात सात-आठ गोष्टी असतात.

धातू : बार कापून लागणारा तुकडा. चकमध्ये धरायला आणि दोन्ही टोकं साफ करायला जादा लांबी लागते, ती धरून.

सेटिंग : जॉब चकमध्ये बांधणं, मध्य काढणं, टूल लावणं, नमुन्याची मापं घेणं. एक नग असो की दहा, हे काम एकदाच करावं लागतं.

मशीनचा वेळ : प्रत्यक्ष टर्निंग, बोअर, आटे पाडणं, चावीचा गाळा काढणं.

टूल : कार्बाइडची टिप झिजते, ड्रिल तुटतो, टॅप आत अडकून मोडतो.

बाहेरची कामं : हार्डनिंग, ग्राइंडिंग, गिअरचे दात पाडणं, प्लेटिंग.

तपासणी आणि बाद होण्याची जोखीम : शेवटच्या फेऱ्यात माप उतरलं तर सगळा जॉब भंगारात जातो. ही जोखीम दरात धरलेली असते.

दुकानाचा खर्च आणि नफा : वीज, भाडं, कारागिराचा पगार, मशीनचा हप्ता.

कर : दुकानदार जीएसटी नोंदणीकृत असेल तर.

एका पिनचा हिशोब

समजा, अल्टरनेटरच्या ब्रॅकेटची एक पिन करायची आहे. तयार व्यास २० मिमी, लांबी १०० मिमी. त्यासाठी २२ मिमी व्यासाचा ११० मिमी तुकडा लागेल. खालचे दर फक्त हिशोबाची रीत दाखवण्यासाठी धरलेले आहेत. बाजारभाव गावागणिक आणि महिन्यागणिक बदलतो.

धातूचा दर किलोला ९० रुपये, मशीन आणि कारागीर मिळून तासाला ४०० रुपये, सेटिंगला ४० मिनिटं, एका नगाला २५ मिनिटं, दुकानाचा खर्च व नफा २० टक्के, जीएसटी १८ टक्के, असं धरू.

एक नग : धातू सुमारे ३३० ग्रॅम, म्हणजे ३० रुपये. वेळ ६५ मिनिटं, म्हणजे ४३३ रुपये. बेरीज ४६३. खर्च व नफा धरून ५५६. कर धरून ६५६ रुपये.

दहा नग : धातू ३०० रुपये. सेटिंग तीच ४० मिनिटं आणि नगांची २५० मिनिटं, मिळून २९० मिनिटं, म्हणजे १,९३३ रुपये. बेरीज २,२३३. खर्च व नफा धरून २,६८०. एका नगाला २६८, कर धरून ३१६ रुपये.

पिन तीच, धातू तोच, कारागीर तोच, तरी एका नगाचा भाव ६५६ वरून ३१६ वर आला. एका नगाच्या बिलात दर शंभर रुपयांमागे धातूचे पाच रुपयेसुद्धा नाहीत. म्हणूनच "लोखंड मी आणून देतो, मजुरी कमी कर" या बोलीत फारसं काही हाती लागत नाही. उलट आणलेला बार कोणत्या प्रतीचा आहे याची खात्री नसते. तो निकृष्ट निघाला तर जबाबदारी कुणाची, हा वाद उरतो.

खरी बचत संख्येत आहे. एकाच मॉडेलच्या गाड्या चालवणारे पाच-सहा मालक एकत्र आले आणि पिना-बुश एकदम करून घेतले, तर प्रत्येकाचा खर्च जवळपास निम्म्यावर येऊ शकतो. पारोळा, एरंडोल, अमळनेर, साक्री, शिरपूर अशा ठिकाणच्या स्टँडवर एकाच जातीच्या गाड्या रांगेत उभ्या असतील तर ही जुळवाजुळव अवघड नाही. झिजणाऱ्या वस्तूचे दोन नग जास्तीचे करून ठेवले तर पुढची खेपही वाचते.

वजन स्वतः काढता येतं

पोलादाच्या गोल बारचं वजन काढायचं सूत्र कारखान्यात सर्वांना पाठ असतं : व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा आणि १६२ ने भागा. येणारा आकडा म्हणजे एक मीटर बारचं किलोतलं वजन. ४० मिमीच्या बारला १,६०० भागिले १६२, म्हणजे मीटरला ९.८८ किलो. ॲल्युमिनियमचं वजन पोलादाच्या साधारण एक तृतीयांश भरतं. पितळ आणि गनमेटल पोलादापेक्षा थोडे जड असतात.

महाग धातूत मात्र वजन बघावंच लागतं. पेडल शाफ्टचा गनमेटलचा बुश घ्या : बाहेरून ३२ मिमी, आतून २२ मिमी, लांबी ५० मिमी. तो ३५ मिमीच्या भरीव बारच्या ५५ मिमी तुकड्यातून काढला तर सुरुवातीला सुमारे ४६५ ग्रॅम धातू लागतो आणि तयार बुश भरतो सुमारे १८७ ग्रॅम. म्हणजे दहातले सहा भाग कीस होऊन खाली पडतात, पण पैसे सगळ्या धातूचे द्यावे लागतात. अशा वेळी पोकळ बार मिळतो का ते विचारावं. भरीव बारच वापरायचा असेल तर कीस कुणाचा हे आधीच बोलून घ्यावं. गनमेटलच्या किसाला भंगारात चांगला भाव येतो.

धातूची जात विचारा

"लोखंड" या एका शब्दात खूप काही लपतं. साधं माइल्ड स्टील स्वस्त, कापायला आणि वेल्डिंगला सोपं, पण घासणाऱ्या जागी लवकर झिजतं. ईएन-८ हे मध्यम कार्बनचं पोलाद पिना, शाफ्ट आणि स्पेसरसाठी नेहमी वापरलं जातं आणि ते कडक करता येतं. ईएन-१९ आणि ईएन-२४ मिश्र पोलादं आहेत, जास्त ताण सोसतात, दर आणि मशिनिंगचा वेळ दोन्ही वाढवतात. ईएन-३१ बेअरिंगच्या जातीचं, कडक करून झीज सोसणारं.

घासणाऱ्या जोडीत एक वस्तू मुद्दाम मऊ ठेवतात. पोलादी पिनवर गनमेटलचा बुश असतो तो त्यासाठीच. झीज बुशाने सोसायची आणि पिन वाचवायची. स्वस्त पडतं म्हणून पिनही लोखंडाची आणि बुशही लोखंडाचा केला, तर दोन्ही एकमेकांना खातात आणि काही महिन्यांत दुहेरी खर्च येतो.

मापाचा काटेकोरपणा म्हणजे पैसा

लेथवर अजूनही तीन भाषा एकत्र चालतात. जाडी-रुंदी सुतात सांगतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, साधारण ३.२ मिमी. जुने कारागीर बारीक माप थाऊमध्ये बोलतात. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ०.०२५ मिमी. नवीन मुलं मायक्रॉन म्हणतात, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

साधा स्पेसर अर्ध्या मिलिमीटरने लांब-आखूड झाला तरी बहुतेक वेळा चालून जातो. बेअरिंग बसायची जागा मात्र तशी नसते. २५ मिमीच्या शाफ्टवर बेअरिंग पक्कं बसवायचं तर नेहमीच्या एका प्रमाणित फिटनुसार व्यास २५.००२ ते २५.०१५ मिमीच्या आत हवा. ही जागा जेमतेम १३ मायक्रॉनची, म्हणजे डोक्यावरच्या केसाच्या जाडीचा पाचवा-सहावा हिस्सा. यासाठी व्हर्नियर पुरत नाही, मायक्रोमीटर लागतो. अनेकदा शेवटचं काम ग्राइंडिंगवर करावं लागतं. वेळ वाढतो, नग बाद होण्याची भीती वाढते आणि भावही वाढतो.

म्हणून सगळीकडे "एकदम फिट पाहिजे" असं सांगू नये. कोणत्या जागी काय बसतं ते सांगावं : इथे बेअरिंग बसतं, इथे बुश फिरतो, ही बाजू मोकळी आहे. काटेकोर माप फक्त गरजेच्या जागी धरलं तर भाव आपोआप खाली येतो.

आट्यांच्या बाबतीत चूक हमखास होते. एम-१० चा बोल्ट १.५ पिचचा असतो आणि १.२५ चाही. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण दोन-तीन फेरे गेल्यावर बोल्ट अडकतो. जोर लावला तर आटे जातात. जुन्या विलीज जातीच्या जीपना आणि ॲम्बॅसडरला इंचाचे आटे आहेत. त्यांत मिलिमीटरचा बोल्ट कोंबला की पंचवीस रुपयांच्या बोल्टपायी हाउसिंगची दुरुस्ती गळ्यात पडते. पिच गेज लावूनच ऑर्डर द्यावी.

हाताचं लेथ की सीएनसी

सीएनसीवर केलेलं काम म्हणजे चांगलं आणि स्वस्त, असा एक समज आहे. संख्या मोठी असेल तर तो खरा ठरतो. सीएनसीला प्रोग्राम लिहावा लागतो आणि सेटिंगला जास्त वेळ जातो, पण नंतर नग भराभर निघतात.

वरच्याच पिनचं उदाहरण घेऊ. हाताच्या लेथवर सेटिंगचे २६७ रुपये आणि प्रत्येक नगाला १६७. सीएनसीचा दर तासाला ६००, प्रोग्राम व सेटिंग दोन तास आणि नगाला ६ मिनिटं धरली, तर सेटिंगचे १,२०० आणि नगाला ६० रुपये. आठ नगांपर्यंत हाताचं लेथ स्वस्त, नऊपासून पुढे सीएनसी. एका नगासाठी कुणी सीएनसीचा आग्रह धरत असेल तर कारण विचारावं. गुंतागुंतीचा आकार किंवा खूप काटेकोर माप हे कारण रास्त असू शकतं.

बाहेरची कामं आणि अंतर

जळगाव एमआयडीसीत आणि धुळ्याच्या अवधान एमआयडीसीत कारखाने आहेत, आणि तालुक्यांच्या गावी शेतीअवजारं, ट्रॅक्टर व जिनिंगच्या कामांवर लेथ चालतात. साधं टर्निंग, बोअरिंग, वेल्डिंग जवळपास होऊन जातं. एखाद्या खास प्रक्रियेची सोय जवळ नसेल तर माल नाशिकच्या सातपूर-अंबडला किंवा छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज-चिकलठाणा भागात जातो. तिथे वाहन उद्योगाची कामं मोठ्या प्रमाणावर चालतात.

हार्डनिंगचा दर साधारण किलोवर असतो, पण त्याला किमान आकार लावलेला असतो. तीनशे ग्रॅमची पिन दिली तरी किमान आकार भरावा लागतो. दुसऱ्याच्या घाणीसोबत आपला नग टाकायला सांगितला तर पैसे वाचतात, दिवस मात्र जास्त लागतात. प्लेटिंगचंही तेच.

गिअर करून घ्यायचा तर दातांची संख्या आणि बाहेरचा व्यास लागतो. सरळ दातांच्या साध्या गिअरला बाहेरचा व्यास ६६ मिमी आणि दात २० असतील, तर ६६ भागिले २२ म्हणजे ३ मॉड्यूल. दातांत दोन मिळवून भागायचं. त्या मॉड्यूलचा कटर दुकानात असेल तर काम सोपं, नसेल तर कटरचा खर्चही एका गिअरवर पडतो. गाडीच्या गिअरबॉक्समधले तिरके दात, कडक केलेला पृष्ठभाग आणि ग्राइंडिंग हे सगळं एका नगासाठी करणं क्वचितच परवडतं.

हंगामाचाही परिणाम होतो. पेरणीच्या तोंडावर ट्रॅक्टर-अवजारांची आणि कापसाच्या मोसमात जिनिंगची कामं पुढे असतात. त्या दिवसांत "आजच्या आज" म्हणणाऱ्याला जादा पैसे मोजावे लागतात. ज्याची गाडी अजून चालू आहे, त्याने झीज दिसताच नमुना देऊन ठेवावा.

नव्याऐवजी दुरुस्ती

कित्येकदा नवा पार्ट करायची गरजच नसते. शाफ्टवरची बेअरिंगची जागा झिजली असेल तर स्लीव्ह चढवता येते किंवा वेल्डिंगने भरून पुन्हा माप काढता येतं. वेल्डिंगने शाफ्ट वाकण्याची आणि कडकपणा जाण्याची शक्यता असते, म्हणून ताणाच्या जागी हा उपाय करू नये. हाउसिंगमधले आटे गेले असतील तर आतून नवीन आट्यांची स्प्रिंग किंवा बुश बसवता येतो.

इंजिनच्या कामात तर ठरलेली मापं आहेत. बोअर झिजला की ०.२५, ०.५०, ०.७५ किंवा १ मिमी मोठा करून त्या मापाचे तयार पिस्टन बसवतात. ही सोय इंजिनागणिक थोडी बदलते. क्रँक घासून त्याच मापाचे तयार बेअरिंग टाकतात. बोअरिंगला हात लावण्याआधी त्या मापाचा पिस्टन बाजारात मिळतो याची खात्री करावी. आधी बोअर वाढवला आणि पिस्टन मिळाला नाही, तर स्लीव्ह टाकण्याचा नवा खर्च उभा राहतो.

इथे पैसे वाचवू नयेत

टाय रॉड, बॉल जॉइंट, स्टिअरिंगचा नकल, ब्रेकचा मास्टर सिलिंडर, कॅलिपर, चाकाचे स्टड, ॲक्सल शाफ्ट, सस्पेन्शनचा आर्म, सीट बेल्टचे बोल्ट. हे पार्ट लेथवर नवे करून घेऊ नयेत.

कारण मापाचं नाही. लेथवर मापाला बरोबर पार्ट निघू शकतो. पण यातले अनेक पार्ट कंपनी तापवून, दाबून, म्हणजे फोर्जिंग करून घडवते. त्यात धातूचे पदर पार्टच्या आकाराप्रमाणे वळतात. बारमधून कापलेल्या पार्टमध्ये हे पदर मध्येच तुटतात. त्यावर योग्य हार्डनिंग झालं नाही, कोपऱ्यात टूलची धारदार खूण राहिली, तर तिथून बारीक चीर सुरू होते. पार्ट महिनाभर उत्तम चालतो आणि भरल्या गाडीत, वेगात असताना तुटतो. धुळ्याच्या मुंबई-आग्रा महामार्गावर किंवा जळगावातून जाणाऱ्या सुरत-नागपूर महामार्गावर असा क्षण आला तर वाचवलेल्या पैशांना काही अर्थ उरत नाही.

बोल्टच्या डोक्यावरचा आकडाही पाहावा. ८.८ म्हणजे साधारण ८०० मेगापास्कलचा ताण सोसणारा, १०.९ त्याहून मजबूत. १०.९ च्या जागी लेथवर साध्या बारचा बोल्ट करून लावणं म्हणजे जाणूनबुजून कमजोर कडी जोडणं.

चाक बाहेर काढण्यासाठी स्पेसर टाकायची हौस तरुणांत दिसते. त्याने चाकाचा भार बेअरिंगपासून लांब जातो आणि स्टडचे आटे नटात कमी शिरतात. एम-१२ च्या स्टडला नटात निदान १२ मिमी आटे मिळायला हवेत. १.५ पिचला त्याचे आठ फेरे होतात. जाड स्पेसरमुळे तीन-चार फेऱ्यांवर चाक लटकत राहतं.

ब्रेकचा ड्रम किंवा डिस्क लेथवर घासून घेता येते, पण मर्यादेतच. ड्रमवर कमाल व्यास आणि डिस्कवर किमान जाडी बहुतेक वेळा कोरलेली असते. त्या पलीकडे गेलेला ड्रम भंगारातच द्यावा.

कायदा काय सांगतो

झिजलेल्या पार्टच्या जागी त्याच मापाचा, त्याच कामाचा पार्ट बसवणं ही दुरुस्ती. कंपनीने नोंदवलेल्या रचनेपेक्षा गाडी वेगळी करणं हा बदल. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ नुसार परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. इंजिन बदलणं, सीएनजी बसवणं अशा कामांसाठी आरटीओची रीतसर प्रक्रिया आहे, ती आधी पूर्ण करावी. चेसिस किंवा इंजिन नंबरच्या जागेवर घासकाम करू देऊ नये. विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर दाव्याच्या आड येऊ शकतो.

बिल घ्या, कच्चं नको

२२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारगाड्यांच्या पार्टवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे. त्याआधी अनेक पार्टवर २८ टक्के होता. जुना दर लावलेलं बिल आलं तर विचारणा करावी. छोट्या दुकानदाराला महाराष्ट्रात ठरावीक उलाढालीपर्यंत नोंदणी बंधनकारक नाही. मालाच्या विक्रीसाठी ही मर्यादा ४० लाख आणि सेवेसाठी २० लाख रुपये आहे. नोंदणी नसलेला किंवा कंपोझिशन योजनेतला दुकानदार ग्राहकाकडून वेगळा जीएसटी घेऊ शकत नाही. कर लावला असेल तर बिलावर जीएसटी क्रमांक हवाच.

बिलावर पार्टचं नाव, धातूची जात, नगांची संख्या आणि रक्कम लिहून घ्यावी. काम फसलं आणि वाद मिटला नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर किंवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. आयोगाकडे तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणात शुल्क नाही. पण हातात बिल नसेल तर सिद्ध करायचं काय, हा प्रश्न तिथेही येतो.

ऑर्डर देण्याआधी

१. तुटलेला पार्ट सगळे तुकडे गोळा करून न्यावा. जमलं तर ज्यात तो बसतो ती जोडीची वस्तूही न्यावी. झिजलेल्या नमुन्यावरून घेतलेलं माप झिजलेलंच निघतं.

२. कागदावर साधं चित्र काढून व्यास, लांबी, आटे लिहावेत. तोंडी सांगितलेलं माप दोघांच्या आठवणीत वेगळं राहतं.

३. भाव नगावर की तासावर, हे आधी ठरवावं. एका नगाचा आणि पाच नगांचा, दोन्ही भाव विचारावेत.

४. धातू कोणता, हार्डनिंग आहे का आणि त्याचे पैसे भावात धरले आहेत का, हे विचारून घ्यावं.

५. बसला नाही तर दुरुस्त कोण करणार आणि नग बाद झाला तर धातूचे पैसे कुणाचे, हे ॲडव्हान्स देण्यापूर्वी बोलावं.

६. तयार पार्ट दुकानातच मापून घ्यावा. मापं लिहिलेला कागद गाडीच्या कागदपत्रांत ठेवावा. पुढच्या वेळी नमुना काढून मोजण्याचा वेळ आणि त्याचे पैसे वाचतात.

७. पार्ट बसवल्यावर पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर गाडी उभी करून नट, खेळ आणि गरमपणा तपासावा. आवाज बदलला असेल तर प्रवासी न घेता गाडी थेट मेकॅनिककडे न्यावी.